रोमला जा, पण गुरुवारी पोचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी मिलानला शिकते. २०२७च्या ईस्टरला तिला चार-पाच दिवस सुटी आहे, म्हणून मी, यजमान आणि सासूबाई (वय ७२) असे रोमला जायचं ठरवतोय. मुलगी तिकडून येईल. मार्चअखेर असल्याने यजमानांना ३१ तारखेला ऑफिसात हजर राहायलाच हवं. म्हणून गुरुवारी रात्री मुंबईहून निघायचं, शुक्रवारी दुपारी पोचायचं, शनिवारी कोलोसियम, रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं (महिन्याचा शेवटचा रविवार म्हणून फुकट, हे यजमानांनी शोधून काढलंय), सोमवारी खरेदी आणि रात्रीचं विमान, असा बेत आहे. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, ईस्टरला कशाला जाता, सगळं बंद असतं आणि गर्दीत चेंगराल. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. दरवर्षी आळंदीला जाणाऱ्या आहेत, पण 'लोकांच्या सणात आपण काय करायचं?' असं त्यांचं म्हणणं. सगळंच मे महिन्यावर ढकलावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, मे महिन्यावर ढकलू नका. ईस्टरलाच जा. मात्र बेत असा ठेवू नका, तो बराच हलवावा लागेल.

आधी तातडीचं सांगते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं फुकट असतात, ही यजमानांची माहिती खरी आहे. पण त्याच नियमाला एक अपवाद जोडलेला आहे: तो रविवार ईस्टरचा असेल तर संग्रहालयं बंद. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला येतो आणि मार्चचा शेवटचा रविवारही तोच. शिवाय ईस्टरनंतरच्या सोमवारीही ती बंदच असतात. सिस्टीन चॅपल या संग्रहालयांच्या आतच आहे, त्याला वेगळं दार नाही. म्हणजे तुमच्या आत्ताच्या बेतात मायकेलअँजेलोने रंगवलेलं तिथलं छत बघायला एकही दिवस उरत नाही. संत पीटरची बॅसिलिका, म्हणजे तिथलं भव्य चर्च, वेगळी. तिथे तिकीट नसतं, सुरक्षा तपासणीची रांग तेवढी असते. पण सणाच्या दिवसांत तिथे उपासना चालू असताना पर्यटकांना आत सोडत नाहीत.

दुसरी गोष्ट घड्याळाची. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळं एक तास पुढे करतात. तोही दिवस हाच, २८ मार्च. मोबाइल आपोआप बदलेल, सासूबाईंचं मनगटी घड्याळ बदलणार नाही. शनिवारी रात्री झोपताना एक तास कमी मिळणार हे धरूनच रविवारची सकाळ आखा. घरी फोन करतानाही लक्षात असू द्या, शनिवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे असेल, रविवारपासून साडेतीन.

आता 'सगळं बंद असतं' याबद्दल. हे अर्धवट खरं आहे. आपल्याकडे गुड फ्रायडेला सरकारी सुटी असते, इटलीत नसते. त्या दिवशी रोममध्ये बँका, दुकानं, बाजार चालू असतात आणि व्हॅटिकनची संग्रहालयंही उघडी असतात. सुटी असते ती रविवारी आणि सोमवारी. सोमवारला तिकडे पास्क्वेत्ता म्हणतात. त्या दिवशी रोमची माणसं डबे बांधून बागेत, डोंगराकडे, जुन्या अप्पिया रस्त्यावर फिरायला जातात. 'नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर हवा त्याच्याबरोबर' अशी तिकडची म्हणच आहे. तेव्हा सोमवारची खरेदी विसरा. बरीच दुकानं बंद असतील आणि बसही सुटीच्या वेळापत्रकाने धावतील.

गर्दी मात्र खरी आहे, ती नाकारत नाही. पण ती शहरभर सारखी नसते. ठरावीक तासांना ठरावीक जागी ती उसळते: संत पीटरचा चौक, कोलोसियम, त्रेव्हीचं कारंजं. दहा मिनिटं बाजूला चालत गेलात की गल्ल्या मोकळ्या असतात. शिवाय मे महिन्यातलं रोमही काही रिकामं नसतं.

माझं मुख्य सांगणं यापुढचं. तुमच्या पत्रात ईस्टर ही प्रवासातली अडचण म्हणून आलाय. त्या चार दिवसांत रोममध्ये बघण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर तो सणच आहे, आणि त्यातला बराचसा भाग विनामूल्य, विनातिकीट, अगदी दुखऱ्या गुडघ्यांनाही झेपेल असा आहे. संग्रहालयं पुढच्या वेळीही तिथेच असतील. हे दिवस वर्षातून एकदाच येतात. तर तो सण गुरुवारी संध्याकाळी सुरू होतो, आणि तुम्ही पोचताय शुक्रवारी दुपारी. म्हणून यजमानांना एक दिवस जास्तीची रजा मागायला सांगा. बुधवारी रात्री निघा, गुरुवारी, २५ तारखेला दुपारी पोचा.

गुरुवारी संध्याकाळी येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, होतो. त्यात धर्मगुरू माणसांचे पाय धुतात. मिस्सा संपला की पवित्र भाकर मिरवणुकीने बाजूच्या एका वेदीवर नेऊन ठेवतात. ती वेदी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजवलेली असते. त्या रात्री पकडलं जाण्याआधी येशूने शिष्यांना म्हटलं होतं, 'एक तासभर तरी माझ्याबरोबर जागे राहा.' ते जागरण म्हणून लोक तिथे येऊन गप्प बसतात. बरीच चर्चेस त्यासाठी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, आणि रोमची माणसं, आजीपासून नातवापर्यंत, एका चर्चमधून दुसऱ्यात चालत जातात. याला बोलीत 'सेपोल्क्री' बघायला जाणं म्हणतात. तिकीट नाही, ओळख नाही, कोणी काही विचारत नाही. बाकावर जागा मिळेल तिथे बसायचं, वाटलं की उठायचं. काही वेदींपुढे मातीच्या ताटल्यांत गव्हाची रोपं ठेवलेली दिसतील. ती अंधारात उगवून आणलेली असतात, म्हणून फिकट पिवळी, लांबसडक. मूळची ही रीत दक्षिण इटलीकडची, पण रोममधल्या एखाद्या चर्चमध्येही दिसते. नवरात्रात घट बसवणाऱ्या बाईला ती रोपं लांबूनच ओळखू येतील. सासूबाईंच्या 'आपण काय करायचं?' या प्रश्नाचं उत्तर मी देण्यापेक्षा तिथे बसल्यावर त्यांचं त्यांनाच मिळू द्या.

कुठे जायचं तेही सांगते. नवोना चौकाच्या आसपास राहा. सान लुइजी देई फ्रांचेझी, सांत आगोस्तिनो आणि पँथिऑनमागचं सांता मारिया सोप्रा मिनेर्वा ही तिन्ही चर्चेस एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. त्यातलं सांत आगोस्तिनो चुकवू नका. आत शिरल्यावर डावीकडच्या पहिल्याच कप्प्यात कारावाजो या चित्रकाराचं एक चित्र आहे, १७व्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. मेरी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी आहे, अनवाणी. समोर एक म्हातारा आणि एक म्हातारी काठ्या घेऊन गुडघ्यांवर बसलेत, यात्रेला चालत आलेली माणसं. म्हाताऱ्याचे तळवे थेट आपल्याकडे आहेत, धुळीने काळे पडलेले, सुजलेले. चित्र लागलं तेव्हा या तळव्यांवरून रोममध्ये बराच गलका झाला होता. देवळातल्या चित्रात असले पाय! दिवसा गेलात तर शांतपणे बघता येईल, म्हणून शनिवारी पुन्हा एक चक्कर टाका. अशा चर्चमधून चित्राशेजारी नाण्यांची पेटी असते. नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. आळंदीला जाणाऱ्या बाईला त्या तळव्यांबद्दल वेगळं काही सांगायची गरज पडेल असं मला वाटत नाही.

गुरुवारच्या मिस्सानंतर शनिवारच्या रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा वाजत नाहीत. रोमसारख्या शहरात ही शांतता सहज जाणवते. मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचंही लक्ष राहील.

शुक्रवारी सकाळी व्हॅटिकनची संग्रहालयं उरका. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. त्यावर वेळ ठरलेली असते, सकाळची पहिली मिळेल ती घ्या. सासूबाईंसाठी आत चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. त्यांनी आढेवेढे घेतले तरी घ्याच, कारण सिस्टीन चॅपलपर्यंतची दालनांमागून दालनं धडधाकट माणसालाही थकवतात. दुपारी सगळ्यांनी झोपा.

त्या रात्री सव्वानऊच्या सुमारास कोलोसियमजवळ क्रूसाची वाट असते. वसईकडच्या आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना ही भक्ती ठाऊकच आहे. येशूच्या शेवटच्या प्रवासातले १४ टप्पे, प्रत्येक टप्प्यावर थांबून चिंतन आणि प्रार्थना. कोलोसियमला ती पोपच्या उपस्थितीत होते. पोप पॉल सहावे यांनी १९६४ साली तिथे ती पुन्हा सुरू केली. हजारो लोक हातात कागदी आडोशातल्या मेणबत्त्या धरून उभे असतात, मोठा क्रूस दिव्यांनी उजळलेला असतो, आणि एवढ्या गर्दीत फक्त वाचणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. तिकीट लागत नाही, पण दोन-तीन तास उभं राहावं लागतं आणि मार्चअखेरची रात्र चांगलीच गार असते. इथे सासूबाईंना नेऊ नका. यजमान त्यांच्याबरोबर खोलीवर थांबू देत. इटलीची सरकारी वाहिनी हा कार्यक्रम थेट दाखवते, त्यांना गरम सूप पीत बघता येईल. तुम्ही आणि मुलगी जा, स्वेटर आणि शाल घेऊन. परिसरातले रस्ते संध्याकाळपासून बंद करतात, कोलोसियमचं मेट्रो स्थानकही बंद असू शकतं, म्हणून अलीकडे उतरून चालत जायची तयारी ठेवा.

याच कारणाने गुड फ्रायडेला कोलोसियम पर्यटकांसाठी लवकर बंद होतं, तेव्हा ते शनिवारीच ठेवलंत हे बरोबर केलंत. त्याची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि सणाच्या दिवसांत भराभर संपतात. तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात, तेव्हा पासपोर्टवर आहे तस्संच नाव भरा. शेजारच्या फोरमचा, म्हणजे प्राचीन रोमच्या अवशेषांचा, परिसर चढउताराचा आणि दगडधोंड्यांचा आहे. सासूबाईंना कोलोसियम पुरे.

शनिवारी रात्री बॅसिलिकात पोपचा जागरणाचा मिस्सा होतो. तो लांबतो, त्याला तिकीट लागतं. मी तुम्हाला त्याऐवजी राहत्या जागेजवळच्या साध्या चर्चमध्ये जायला सांगेन. विधी तोच असतो. बाहेर लहानशी आग पेटवतात, तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. चर्चमधले सगळे दिवे बंद असतात. ती मेणबत्ती आत येते, तिच्यावरून पुढच्या माणसाची, त्याच्यावरून शेजाऱ्याची, अशी ज्योत रांगांमधून मागे मागे सरकते. शेजारची अनोळखी बाई तुमच्याकडे वळून आपली मेणबत्ती वाकवते, तुम्ही तुमची लावून घ्यायची आणि पुढच्याला द्यायची. पुढे स्तुतिगीताला दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजायला लागतात. मी हे एका छोट्या, पर्यटक नसलेल्या चर्चमध्ये पाहिलंय आणि चौकातल्या सोहळ्यापेक्षा ते मला जास्त जवळचं वाटलं.

तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून कुणी अडवणार नाही. इतर उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. फक्त भाकर घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा आपण जागेवरच थांबायचं, तो कॅथलिकांचा विधी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी आणि सलवार-कमीजला काहीच अडचण नाही, मुलीला आणि यजमानांना मात्र अर्ध्या चड्ड्या घरी ठेवायला सांगा. प्रार्थना चालू असताना फोटो नकोत.

रविवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास संत पीटरच्या चौकात पोपचा मिस्सा असतो आणि बाराला ते बॅसिलिकाच्या दर्शनी सज्ज्यातून 'उर्बी एत ओर्बी' म्हणजे शहराला आणि जगाला आशीर्वाद देतात. पायऱ्यांवर हॉलंडहून आणलेल्या फुलांचे ताटवे मांडलेले असतात. २०२५ साली पोप फ्रान्सिस याच सज्ज्यातून ईस्टरचा शेवटचा आशीर्वाद देऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी वारले. हल्लीचे पोप लिओ चौदावे. मिस्सासाठी आत बसायचं तर तिकीट हवं. ते पोपच्या निवासव्यवस्थेच्या कार्यालयाकडून मागवावं लागतं आणि ते मोफत असतं. कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. तिकीट असलं तरी खुर्ची राखीव नसते, पहाटेपासून रांग लागते. आशीर्वादाला मात्र तिकीट लागत नाही. म्हणून सासूबाईंना घेऊन मिस्साच्या भानगडीत पडूच नका. अकरा-साडेअकराला चौकासमोरच्या रुंद रस्त्यावर जा, तिथूनही सज्जा दिसतो.

त्यांना तेही जड वाटलं तर सोमवार आहेच. सोमवारी दुपारी बाराला पोप राजवाड्याच्या खिडकीतून छोटी प्रार्थना म्हणतात. सगळं थोडक्यात आटपतं, तिकीट नाही आणि रविवारच्या मानाने गर्दीही कमी. पोप फ्रान्सिस यांची समाधी बघायची असेल तर ती संत पीटरमध्ये नाही, तेर्मिनी स्थानकाजवळच्या सांता मारिया माज्जोरेमध्ये आहे. साधी दगडी समाधी, वर फक्त लॅटिनमधलं नाव.

आता जेवण. ईस्टरच्या रविवारी दुपारी रोममध्ये कोकराचं मटण शिजतं आणि बऱ्याच खाणावळींत त्या दिवशी ठरलेली थाळीच मिळते. म्हणून रविवारची जागा आधी फोन करून ठरवा, शाकाहारी काय देणार ते विचारूनच. सोमवारी बऱ्याच घरगुती खाणावळी बंद असतात. शनिवारी दुपारी ब्रेड, फळं, टोमॅटो, दही घेऊन ठेवा. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर प्रश्नच मिटला.

सासूबाईंसाठी काही बारकावे. ताजा, पिवळसर पास्ता अंड्याचा असतो. वाळवलेला, म्हणजे स्पॅगेटी, रिगातोनी वगैरे, बहुधा नुसत्या गव्हाच्या रव्याचा. तरी विचारून घ्या. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्याच्या प्रकारांत डुकराचं मांस असतं. साध्या दिसणाऱ्या सुप्लीमध्येही, म्हणजे भाताच्या तळलेल्या वड्यात, बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, पार्मेजान वासराच्या. त्यांना हे चालत नसेल तर 'सेन्त्सा फोर्माज्जो' म्हणजे चीजविना, एवढे दोन शब्द मुलीकडून घोकून घ्या. सणाचा कबुतराच्या आकाराचा केक, कोलोंबा, दुकानोदुकानी दिसेल. त्यात अंडी आणि लोणी असतं, तेव्हा तो तुम्ही तिघांनी खा.

पण मार्च हा रोममध्ये आर्टिचोक या भाजीचा हंगाम असतो, आणि हे त्यांना नक्की आवडेल. जुन्या यहुदी वस्तीत अख्खं आर्टिचोक तेलात दोनदा तळतात, पाकळ्या कुरकुरीत होऊन फुलासारख्या उघडतात. याच वस्तीत धर्मनियमांनुसार दूध आणि मांस एका स्वयंपाकघरात येत नाही. म्हणून फक्त दुधाचे पदार्थ करणारी कोशर खाणावळ शोधा, तिथे मासे असतील पण मटण-चिकन औषधालाही नसेल. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या खाणावळी बंद असतात, तेव्हा गुरुवारी किंवा रविवारी जा.

नवोनाजवळ जागा महाग वाटली तर नदीपलीकडच्या प्राती या भागात बघा. सपाट, रुंद पदपथ, मेट्रो जवळ आणि व्हॅटिकनला चालत जाता येतं. जुन्या भागातले काळे दगडी रस्ते गुडघ्यांना आणि बॅगेच्या चाकांना सारखेच त्रास देतात. कुठेही घ्या, लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठांतून चालणारी अतिथिगृहं स्वच्छ आणि त्यामानाने स्वस्त असतात, पण रात्री ठरल्या वेळेला दार बंद होतं. शुक्रवार-शनिवारी उशिरा परतणार असाल तर आधी बोलून घ्या. मेट्रोत आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये पाकीटमारांपासून जपा.

विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाला थेट गाडी आहे, ३२ मिनिटांत पोचवते. मुलीला मिलानहून वेगवान गाडीने तीन तास-सव्वातीन तास लागतील. त्या दिवसांत अख्खी इटली प्रवास करते, तिला तिकीट लवकर काढायला सांगा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ईस्टरच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणं कठीण होतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत उरकून टाका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, सासूबाईंच्या वयाचा आणि गुडघ्यांचा उल्लेख त्यात स्पष्ट करा. आणि हे सगळं करण्याआधी यजमानांची गुरुवारची रजा मंजूर करून घ्या. मार्चअखेर आहे, ती मागायला जितका उशीर कराल तितकी मिळणं अवघड.